घड्याळालाही कान असतात

माझी ताई विष्णुपुरीत राहते. तिने आठ वर्षांच्या मुलासाठी ऑनलाइन एक स्मार्टवॉच मागवलं आणि ते चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. घरातला एक जण सॉफ्टवेअरमध्ये असला की वायफायपासून वीजबिलापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घड्याळात सिम घातलं, ताईच्या फोनवर ॲप टाकलं, नकाशावर शाळेभोवती आणि घराभोवती एकेक गोल काढून दिला. अर्ध्या तासाचं काम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने ॲप उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. नकाशावरचा ठिपका शंकरसागर जलाशयाच्या पाण्यात दिसत होता. मूल घरात, छताखाली असलं की उपग्रहांचे सिग्नल नीट मिळत नाहीत. मग घड्याळ मोबाइल टॉवरवरून जागेचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज काहीशे मीटरनेही चुकू शकतो. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. घड्याळ मांडून देताना मी ते सांगितलंही नव्हतं. तिने फोन लावला, पण शाळेसाठी घड्याळाचा आवाज बंद केलेला, त्यामुळे पोराने उचलला नाही. मग तिने ॲपमधलं 'व्हॉइस मॉनिटरिंग' हे बटण दाबलं.

या बटणाचं मराठी सरळ आहे : चोरून ऐकणं. घड्याळ गुपचूप आईच्या फोनवर कॉल लावतं. रिंग वाजत नाही, स्क्रीन उजळत नाही. आम्हाला आधी कॅरमच्या सोंगट्या ऐकू आल्या, मग भाच्याचं हसणं. त्यानंतर शेजारच्या काकूंचा आवाज. त्या फोनवर त्यांच्या आईशी बोलत होत्या, हळू आवाजात, घरातलंच काहीतरी. काय ते इथे लिहिणार नाही. पोरगं सुखरूप आहे हे पहिल्या पाच सेकंदांत कळलं होतं. आम्ही कॉल बंद केला तो मिनिटभराने.

त्या मिनिटामुळे मी हे घड्याळ नव्याने वाचायला घेतलं. 'वाचायला' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण वस्तूसुद्धा कुणीतरी लिहिलेली असते.

खोक्यापासून सुरुवात करू. ट्रॅक करा, ऐका, हद्द आखा, आधी कुठे कुठे गेला ते पाहा. शाळेत शिकलेलं व्याकरण लावून बघा. प्रत्येक वाक्यात कर्ता पालक आहे आणि कर्म मूल. मुलाच्या वाट्याला एकच क्रियापद येतं : संकटात एसओएस दाबणं. नकाशावरच्या त्या गोलाला 'जिओफेन्स' म्हणतात, म्हणजे कुंपण. आपल्याकडे कुंपण शेताला घालतात, ढोरं पिकात शिरू नयेत म्हणून. इथे ते मुलाभोवती घातलंय, आणि त्याला ते दिसतही नाही. घड्याळ मुलाच्या मनगटावर असलं तरी त्याचा वाचक मूल नाही.

पण या वाक्यांचा खरा कर्ता पालकही नाही. तुम्ही ॲपमध्ये बटण दाबता तेव्हा आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरला जाते आणि तिथून घड्याळाला. घड्याळ तुमचं ऐकत नाही, सर्व्हरचं ऐकतं. तो सर्व्हर आज्ञा देणाऱ्याची नीट ओळख पटवून घेत नसेल, तर कुणीही तुमच्या मुलाचा पालक होऊ शकतो. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने ऑक्टोबर २०१७ मध्ये मुलांच्या चार घड्याळांची तपासणी जाहीर केली. त्यांतल्या काहींचा ताबा परक्या माणसाला घेता येत होता, मूल कुठे आहे ते पाहता येत होतं. काहींमध्ये एसओएस आणि हद्द ओलांडल्याची सूचना, म्हणजे ज्यासाठी घड्याळ घेतलं तेच, भरवशाचं नव्हतं. २०१९ मध्ये अवास्ट या कंपनीला मुलं आणि वृद्धांसाठीचे सुमारे ६ लाख ट्रॅकर सापडले, ज्यांचा मूळ पासवर्ड १२३४५६ होता. २०२० मध्ये ब्रिटनच्या पेन टेस्ट पार्टनर्सने 'सेट्रॅकर' या ॲपमागची व्यवस्था तपासली. अनेक स्वस्त घड्याळं याच ॲपवर चालतात, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांनाही ती बांधली जातात. बाहेरच्या माणसाला त्या वृद्धांच्या घड्याळावर 'गोळ्या घ्या' अशी सूचना पाठवता येत होती. ज्याला आपण आधीच गोळी घेतली हे आठवत नाही, तो माणूस अशा सूचनेवर काय करेल?

ही भोकं बुजवता येतात. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, मला माहीत आहे की इथे अवघड विज्ञान काही नाही. वेळ आणि पैसा लागतो, आणि दीड-दोन हजारांच्या घड्याळात कुणी तो घालत नाही. म्हणून गोपनीयतेवरचे बहुतेक लेख इथेच थांबतात : चांगल्या कंपनीचं घ्या, पासवर्ड बदला, अपडेट टाका. सल्ला योग्य आहे, पण आमच्या त्या मिनिटाला तो लागू पडत नाही. त्या दिवशी कुणीही काहीही हॅक केलं नव्हतं. पासवर्ड मीच बदललेला होता. घड्याळ जसं चालायला हवं तसंच चाललं.

जर्मनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नेमका हाच मुद्दा धरला. तिथल्या फेडरल नेटवर्क एजन्सीने चोरून ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली आणि घरात असलेली घड्याळं नष्ट करायला सांगितली. आईबाप त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते, हे एजन्सीने नोंदवलं. तिच्या लेखी ते घड्याळ म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर होता. मुलाच्या हातावरचं घड्याळ एकट्या मुलाला ऐकत नाही. शिक्षक, रिक्षावाले काका, वर्गमित्र, शेजारच्या काकू, जो कुणी त्या मुलाला जवळ येऊ देतो त्या सगळ्यांना ते ऐकतं. गल्लीत मूल कुणाच्याही घरात शिरू शकतं, कारण त्याच्यापासून कुणाला धोका वाटत नाही. हे घड्याळ त्याच विश्वासाच्या आडून आत जातं.

आपला कायदा इथे काय करतो? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, मुलांचा माग काढायला कंपन्यांना मनाई करतो आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचं ठिकाण पाहायला सूट दिली आहे. शिवाय एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे कंपनीवर बंधन आहे, संमती पालकांची आहे आणि पालक स्वतः बाहेर. काकू या चित्रात कुठेच नाहीत. पोराला तर कुणी विचारतच नाही.

ताईची भीती खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. नांदेड-लातूर रस्त्यावरची वाहनं खरी आहेत आणि जलाशयाचं पाणीही खरं आहे. पण भीतीलाही तपासावं लागतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा. मुलांच्या काळजीतून माणूस काय काय करू शकतो हे महाराष्ट्राने पाहिलंय. दुसरीकडे, पॉक्सोखालच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, म्हणजे तो नकाशावरच्या गोलाच्या आतच असतो. तिथे कुंपण उपयोगाचं नाही. तिथे मुलाने घरी येऊन बोलणं उपयोगाचं आहे, आणि आपण बोललो तर आपलं ऐकलं जाईल हा भरवसा. चोरून ऐकणारं घर हा भरवसा कमवत नाही.

मला जास्त काळजी याची वाटते की या नजरेची सवय लागते. आमच्या भागात ही वाट आखलेली आहे. आठव्या वर्षी घड्याळ, सोळाव्या वर्षी नांदेड-लातूरच्या क्लासमधून बापाच्या फोनवर हजेरीचा मेसेज, होस्टेलच्या दारात कॅमेरा. आणि पुढे नोकरी. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, कोण कुठे आहे ते पाहायला. खालच्या माणसावर नजर ठेवणं म्हणजे काळजी किंवा शिस्त, हे लहानपणीच मनगटावर बांधून घेतलेलं पोर मोठेपणी त्याला हरकत घेईल का? आणि ते स्वतः साहेब झालं तर दुसऱ्याच्या मनगटावर काय बांधेल?

आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मूल चपला घालता घालता ओरडतं, "आई, येतो गं!" आणि आई आतून विचारते, "कुठं चाललास?" ते कधी खरं सांगतं, कधी थाप मारतं. थाप पकडली जाते, बोलणी बसतात, पुढच्या वेळी ते खरं सांगतं. एका बाजूने शब्द द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने तो धरून चालायचं, हा सराव रोज दारातच होतो. ॲप उघडून बसलेल्या आईला हे विचारायची गरज उरत नाही. गरज नसली की विचारणं बंद होतं.

घड्याळ अजून भाच्याच्या हातात आहे. चोरून ऐकणं कायमचं बंद करायचा पर्याय मी ॲपमध्ये शोधला, तो नाही. मग घड्याळातलं सिम काढून टाकलं. आता त्याच्यावर फक्त वेळ दिसते, तीही इंटरनेटशिवाय हळूहळू मागे पडते. ठिपका पाण्यात का दिसला होता ते ताईला कागदावर टॉवर काढून समजावलं. भाच्यालाही सांगितलं की हे घड्याळ ऐकायचं. त्याने ते कानाला लावून पाहिलं आणि विचारलं, "मामा, मग तुम्ही ऐकायलात हे मला कळंल कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते कळू नये अशीच त्याची रचना आहे.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेक जण आपापल्या घरातले 'सेट करून देणारे' आहेत. असं खोकं तुमच्याही हातात येईल. तेव्हा पासवर्ड बदलाच, पण ऐकण्याचं बटण आहे का ते आधी बघा, असेल तर ते घड्याळ परत पाठवा. आणि ठिपका किती चुकू शकतो, हे ॲप हातात देण्याआधी सांगा.

काकूंना आम्ही अजून सांगितलेलं नाही. त्या मागच्या आठवड्यात धपाटे घेऊन आल्या होत्या, बराच वेळ बसल्या. ताई त्यांच्याकडे बघून बोलत नव्हती.