जमा कुणाच्या खाती?

आजवरच्या आयुष्यात मी एकदाच मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो आहे. मार्चअखेरीला बँकेत रात्री अकरापर्यंत ताळा लागत नाही, ते प्रसंग यात धरलेले नाहीत. साल १९८९. मी पाचवीत होतो. पावसाळा होता, म्हणजे सोलापुरात कॅलेंडरवर असतो तो. मला मुदतीचा ताप आला. ‘मुदत’ हा शब्द माझ्या आयुष्यात असा शिरला आणि पुढे मुदत ठेवीच्या काउंटरपर्यंत माझ्या मागे मागे आला.

आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक मुलगी राहायची. माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. आजारपणात ती रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि मला ‘चांदोबा’ वाचून दाखवायची. आत यायला तिला मनाई होती. राजकुमार राक्षसाच्या गुहेत शिरला की तिचा आवाज बारीक व्हायचा आणि माझा ताप वाढायचा. तिचं नाव मी इथं देणार नाही. आज ती दोन कॉलेजकुमारांची आई आहे. एवढंच सांगतो, की पंढरपुरात विठोबाच्या मागच्या बाजूला वेगळ्या देवळात जी उभी आहे, तिचंच ते नाव. (नाव सांगत नाही म्हणत मी ते सांगून टाकलं. खातेदाराची गुप्तता आम्ही क्लार्क लोक साधारण अशीच राखतो.)

एका रात्री ताप फार चढला आणि मी तिचं नाव घेऊन बरळू लागलो. आई उशाशी मिठाच्या पाण्याच्या घड्या घालत बसली होती. तिनं ते ऐकलं, घडी खाली ठेवली आणि हात जोडले. सकाळपर्यंत सगळ्या वाड्यात बातमी गेली, की पोराला रुक्मिणी दिसली! आईनं नवस बोलला: पोरगा उठू दे, त्याचं लग्न होईपर्यंत दरसाल त्याच्या हातानं रुक्मिणीची ओटी भरीन. ताप उतरला. डॉक्टरांच्या गोळ्यांना कुणी खणानारळाचं विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर सतरा वर्षं मी खण, नारळ आणि आई घेऊन एस.टी.नं पंढरपूरला जात राहिलो. सोलापूर-पंढरपूर सत्तरएक किलोमीटर, जाऊन-येऊन एकशेचाळीस, गुणिले सतरा, म्हणजे २३८० किलोमीटर. एवढा प्रवास मी एका गैरसमजापायी केला आणि त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण, एक स्पॅनिश सिनेमा. मागे पुण्याला बँकेच्या ट्रेनिंगला गेलो होतो. संध्याकाळी एका मित्रानं मला फिल्म क्लबात ओढून नेलं. तिथली मंडळी सिनेमा सुरू होण्याआधीच गंभीर होती. सिनेमा होता ‘कामिनो’, २००८ सालचा. दिग्दर्शक हावियर फेस्सेर. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती आणि बी.कॉम.चं इंग्रजी त्यांच्या मागं धापा टाकत होतं. तरीही पहिल्या अर्ध्या तासात मी खुर्चीत ताठ झालो, कारण पडद्यावर माझीच गोष्ट चालली होती. फक्त तिथं रुक्मिणीच्या जागी येशू होता.

कामिनो ही अकरा वर्षांची हसरी पोर. घर कडक कॅथलिक. ‘ओपस देई’ नावाची एक संस्था १९२८ मध्ये माद्रिदला स्थापन झाली, त्या संस्थेच्या शिस्तीतलं. संस्थापक होसेमारिया एस्क्रिवा यांनी ९९९ वचनांचं एक पुस्तक लिहिलं. त्याचंही नाव ‘कामिनो’, म्हणजे वाट. पोरीचं नावच असं, की आईनं आधी रस्ता आखला आणि मग मुलीला त्यावर सोडलं. या पोरीच्या मणक्यात कॅन्सर निघतो आणि त्याच सुमारास तिला एक मुलगा आवडायला लागतो. त्या मुलाचं नाव हेसूस. स्पेनमध्ये हे नाव आपल्याकडच्या विठ्ठलासारखं घरोघरी सापडतं. हेसूस म्हणजेच येशू. आता वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. पोर अंथरुणावरून हेसूसचं नाव घेते आणि भोवतालचे फादर, शिक्षिका, नातेवाईक डोळे पुसत म्हणतात, पाहा, केवढी ही भक्ती! पोरीच्या डोळ्यांपुढं मात्र नाटकाच्या तालमीतला तो मुलगा असतो. शेवटी ती जाते, तेव्हा खाटेभोवती उभी असलेली माणसं टाळ्या वाजवतात.

त्या टाळ्या ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आम्ही बँकेतले लोक जगाकडे दोनच रकान्यांतून पाहतो: नावे आणि जमा. या सिनेमातली सगळी वेदना कामिनोच्या नावे पडते. शस्त्रक्रिया तिच्या, पट्टे तिला, रात्रीची स्वप्नं तिची, ज्यांत संरक्षक देवदूत येतो आणि तोच तिला जास्त घाबरवतो. पण पुण्य जमा होतं दुसऱ्यांच्याच खाती. आईच्या खाती, संस्थेच्या खाती. आमच्याकडे असा व्यवहार करायचा तर खातेदाराची सही लागते. इथं खातेदार अकरा वर्षांची. तिला कुणी विचारतच नाही.

आईचं काम कार्मे एलियास यांनी केलं आहे आणि ती सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आपल्या निरूपा रॉयसारखी ती देवळात जाऊन घंटा बडवत नाही. ती रडतसुद्धा नाही. पोरीला दुखतं तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणते, की हे दुखणं देवाला अर्पण कर. तिचं पोरीवर प्रेम नाही असं म्हणायची सोय दिग्दर्शकानं ठेवलेली नाही. उलट एवढं प्रेम आहे, की देवावर घट्ट भार टाकला नाही तर ती जागेवर कोसळेल. भार टाकता टाकता ती पोरीला उचलून देऊन टाकते, इतकंच. पोरीच्या कामाची नेरेया कामाचो तेव्हा बारा वर्षांची होती. या सिनेमाला सहा गोया पारितोषिकं मिळाली, त्यांतली दोन या मायलेकींची. गोया म्हणजे तिकडचं राष्ट्रीय पारितोषिक समजा.

इथवर मी दिग्दर्शकाच्या बाजूनं होतो. फिल्म क्लबातल्या चर्चेत तर दोघंतिघं इतके तावातावानं बोलले, की धर्म नावाची गोष्ट त्याच रात्री बंद होईल असं वाटलं. पण घरी येऊन मी जरा वाचलं, तर ताळा लागेना. या सिनेमामागे एक खरी मुलगी आहे. आलेक्सिया गोंसालेस-बारोस. मणक्याच्या गाठीनं १९८५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी ती गेली. तिच्या आजारपणातल्या श्रद्धेमुळं कॅथलिक चर्चनं २०१८ साली तिला ‘वंदनीय’ ठरवलं; संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी. सिनेमा आला तेव्हा तिच्या घरच्यांनी आक्षेप घेतला, की आमची बहीण अशी नव्हती आणि आमचं घरही असं नव्हतं. दिग्दर्शकाचं म्हणणं, माझी गोष्ट कल्पित आहे.

म्हणजे पाहा, चर्चनं त्या पोरीचं दुखणं श्रद्धेच्या खाती जमा केलं, असा दिग्दर्शकाचा दावा. आणि त्यानं स्वतः काय केलं? तिच्या दुखण्यात एक हेसूस घालून ते सगळं प्रेमाच्या खाती वर्ग केलं. सही दोन्हीकडे नाही. खातेदार तर १९८५ लाच गेली. मला वाटतं, सिनेमा जिथं खटकतो तिथं याच कारणानं खटकतो. धार्मिक माणसं फार गोड हसतात आणि त्या हसण्यावर कॅमेरा फार वेळ थांबतो. स्वप्नांतही इतकी आतषबाजी आहे, की गड्ड्याच्या जत्रेची आठवण व्हावी. पोरीचं ऐका, असं सांगणारा सिनेमा मधूनमधून पोरीपेक्षा मोठ्यानं बोलतो.

त्या रात्री मला आठवला आपला ‘श्वास’. २००४ सालचा, संदीप सावंत यांचा. कथा माधवी घारपुरे यांची. १९५३ च्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला पुन्हा सुवर्णकमळ मिळालं ते ‘श्वास’मुळं. तो ऑस्करला निघाला तेव्हा प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. आमच्या शाखेतही डबा फिरला होता. मी पन्नास रुपये टाकले आणि पुढं महिनाभर तो सिनेमा आपणच काढल्यासारखा हिंडत होतो.

त्यातही मूलच आजारी आहे. कोकणातला परशा. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला कॅन्सर. डोळे काढले तर पोर जगेल, नाही काढले तर जाईल. असा हिशेब कुठल्या क्लार्कला कधी मांडावा लागू नये. तो मांडावा लागतो आजोबांना. पण डॉक्टरांचा आग्रह असतो, की शस्त्रक्रियेआधी हे पोराला कळलंच पाहिजे. सगळा सिनेमा त्या एका वाक्यावर उभा आहे. पोर सात-आठ वर्षांचं. त्याला काय कळतं, असं आपण सहज म्हणतो. इंजेक्शनला नेताना आपण काय सांगतो? “काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल.” आपण मुलांशी देवाच्या नावानं खोटं बोलतो आणि देव मानत नसलो तर मुंगीच्या नावानं बोलतो.

‘श्वास’मधले आजोबा देवाचं नाव घेऊन पोराला काही अर्पण करायला सांगत नाहीत. शस्त्रक्रिया लांबते, तशी ते एक दिवस पोराला घेऊन इस्पितळातून चक्क पसार होतात. नियमात बसत नाही. डॉक्टर संतापतात. आजोबांचं म्हणणं सरळ आहे: उद्या याचे डोळे जाणार, तर आज याला दिसेल तेवढं दिसू दे. अरुण नलावडे यांनी हा म्हातारा असा उभा केला आहे, की तो कुठंही थोर होत नाही. नुसता कासावीस होतो. आणि अश्विन चितळेचा परशा हट्टी, चिडका, रडका आहे. आजारी पोर असंच असतं. संत होण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नाही. शेवटी काळा चष्मा लावून परशा होडीतून गावाला परत येतो, तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाला सुचत नाही. थिएटरात नुसती नाकं ओढल्याचे आवाज होते. त्यात माझंही एक होतं. सर्दी होती असं मी तेव्हा सांगितलं होतं.

‘श्वास’मध्ये दोष नाहीत असं नाही. समाजसेविका बाई मधूनमधून फारच उत्साही होतात. पण ‘कामिनो’हून तो मला मोठा वाटतो, कारण त्यात परशाचं दुखणं परशाच्याच खाती राहतं. मोठी माणसं फार तर जामीन राहतात.

एवढं सगळं ठरवून मी पुण्याहून सोलापूरला आलो आणि माझ्या डोक्यात एक सणक आली. म्हटलं, आपल्याही खात्यातली जुनी चूक दुरुस्त करून टाकू. आई आता ऐंशीच्या घरात आहे. ओट्याजवळ शेंगदाणे निवडत बसली होती. मी तिला ‘कामिनो’ची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकली. “पोर गेली होय रे?” एवढंच विचारलं आणि थोडा वेळ हात थांबवला. मग मी घसा खाकरून म्हणालो, “आई, मला त्या तापात रुक्मिणी दिसली नव्हती. मी नाव घेत होतो ते समोरच्या—”

“होय की. माहीत आहे मला.”

माझी सतरा वर्षं आणि २३८० किलोमीटर एस.टी.सकट डोळ्यांपुढून गेले.

“माहीत होतं? मग नवस कशाला बोललीस?”

“मग काय करू? तुझ्या अंगात भट्टी पेटलेली. ती पोरगी काय करणार होती? तिच्यापेक्षा थोरलीला सांगितलं.” तिनं एक खवट शेंगदाणा बाजूला टाकला. “आणि वाड्यात काय सांगू? पोरगं समोरच्या पोरीचं नाव घेऊन बरळायलंय म्हणून? तिच्या बापानं खोली सोडली असती.”

मी गप्प बसलो. पण क्लार्कचा जीव, शेवटची नोंद तपासल्याशिवाय राहवत नाही. “पण ती यायची ना रोज? चांदोबा घेऊन?”

“यायची म्हणजे? तू नाव घ्यायलास हे कळलं, तसं दुसऱ्याच दिवशी मीच तिच्या आईच्या पाया पडले. म्हटलं, एवढी ताप उतरेपर्यंत पोरगीला पाठवा, उंबऱ्यावर बसू दे. त्या आधी कुठं यायली होती ती?”

पस्तीसएक वर्षं मी समजत होतो, की ती आपणहून येत होती. एकूण माझ्या खात्यावरची ती एकमेव रक्कमही दुसऱ्यानंच भरलेली निघाली. मला न विचारता. माझ्या सहीशिवाय.

वर मी दोन सिनेमांचा जो काही निवाडा केला, तो मी परत घेत नाही. फक्त एक दुरुस्ती करतो. मी सगळा दोष देवाच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो; तो तिथं नाही. माझ्या आईचा देवावरचा विश्वास त्या कामिनोच्या आईहून तसूभर कमी नव्हता. पण तिनं आधी पोराच्या तोंडून आलेलं नाव नीट ऐकलं, त्या नावाच्या मुलीला उंबऱ्यावर आणून बसवलं आणि मग पंढरपूरकडे तोंड करून हात जोडले.

“आता ऐकलंसच तर,” आई म्हणाली, “यंदा माझे गुडघे चालत नाहीत. कार्तिकीला तू जाऊन ये.”

“अगं, नवस लग्नापर्यंत होता. मुदत संपली.”

“संपू दे की. रिन्यू कर.”