बँजोचं चामडं

आधीच सांगून टाकतो, मी संगीताचा जाणकार नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात तिसरी पाळी करतो, कविता लिहितो, आणि इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. ज्यांना 'रसग्रहण' वाचायची सवय आहे त्यांनी खुशाल पान उलटावं. मला जे दिसलं, ऐकू आलं आणि त्यातनं डोक्याला जो ताप झाला तो इथं मांडतो.

आमच्या गल्लीतला एक दोस्त भंगाराचा धंदा करतो. त्याच्या पोत्यात एक डीव्हीडी आली. डबी फुटकी, तबकडी शाबूत. "तू विंग्रजी वाचतोस न्हवं, घे," म्हणून त्यानं ती माझ्या हातात कोंबली. ॲलिसन क्रॉस अँड युनियन स्टेशन या ब्लूग्रास बँडचा जाहीर कार्यक्रम. अमेरिकेत केंटकी राज्य आहे, तिथल्या लुइव्हिल शहरातल्या पॅलेस थेटरात एप्रिल २००२ मधे झालेला. आमच्या घरी डीव्हीडी प्लेयर आहे तो मामानं भीमगीतांच्या तबकड्या लावायला दिलेला. त्याच्यात ही गोरी मंडळी जाऊन बसली. सुट्टीचा दिवस, आई तांदूळ निवडत बसलेली, मी भिंतीला टेकून.

माझ्या डोक्यात बँजो म्हणजे आपला बेंजो. जयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर वाजतो तो. पट्टीवर टाईपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. हा मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तैशोगोतो नावानं निघाला, आपल्याकडं येऊन बुलबुलतरंग झाला आणि आपल्या पोरांच्या हाती बेंजो झाला. पडद्यावर मात्र रॉन ब्लॉक नावाच्या माणसाच्या गळ्यात भलतंच वाद्य. गोल, पांढरं, तोंडावर पडदा ताणलेला, वर लांब दांडी. आई हातातलं सूप थांबवून म्हणाली, "अरं, ही तर हलगी. हलगीला दांडी लावलीया."

या लेखात मला जे सांगायचंय ते आईनं तिथंच सांगून टाकलं. तरी मी लिहितो.

कार्यक्रम चांगला आहे. हे पहिलं कबूल करतो, कारण आपल्यात एक खोड आहे, परक्याचं चांगलं म्हणताना जीभ जड होते. क्रॉसबाईचा आवाज बारीक, पण फाटत नाही. ती दुःख ओरडून सांगत नाही, दारात उभं राहून हळू बोलावं तसं सांगते. जेरी डग्लस डोब्रो वाजवतो, म्हणजे आडवी धरलेली गिटार, तारांवरनं पोलादी कांडं सरकवायचं. त्यातनं असा सूर निघतो की बाई हुंदका गिळतेय. डॅन टिमिन्स्की गातो ते मला जास्त जवळचं वाटलं, त्याच्या गळ्यात माती आहे. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या २००० सालच्या सिनेमात नटाच्या तोंडी जो गाता आवाज आहे तो याचाच.

पण खरा माल 'क्लक ओल्ड हेन' या चिजेत आहे. कोंबडीवरची जुनी खेड्यातली चीज, इथं नुसती वाजवलीय. एकजण पुढं येतो, आपला वाटा वाजवतो, मागं सरकतो, दुसरा पुढं. कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. आमच्या खात्यात पाळी बदलताना जशी माणसं साचा एकमेकांच्या हवाली करतात, न बोलता, तसं. या वादनाला २००४ साली ग्रॅमी बक्षीस मिळालं. ते मिळालं नसतं तरी मी चारदा लावलं असतं.

आता खटकलं ते. मूळ ब्लूग्रासमधे ढोल नाही. या बँडनं एक ड्रमवाला बसवलाय, पण तोही बेतानं वाजवतो. पंरपरेनं ठेका कोण देतं? एक मोठा उभा बास, आणि मँडोलिनवाला तारा दाबून मधल्या मात्रेवर खटका मारतो. हलगीवर वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पायाला ताल लागतो पण ताल दिसत नाही. मी म्हटलं, यांचा ढोल गेला कुठं? मग वाचत गेलो. महिनाभर, पाळी सुटल्यावर, मोबाईलवर, डोळे चोळत.

ढोल गेला कायद्यानं. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल बडवत माणसं गोळा केली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, गुलामांनी ढोल वाजवायचे नाहीत. मालकांना ढोलात काय ताकद असते ते बरोबर कळलं होतं. ज्यांच्या बापजाद्यांनी गावात दवंडीला, मर्तिकाला, मिरवणुकीला हलगी वाजवली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडं उलटं झालं, वाजवायची सक्ती झाली. दोन्हीकडं कातडं आपलं आणि हुकूम त्यांचा.

बँजो मात्र राहिला. आफ्रिकेतनं बांधून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणलं, दांडी लावली, तारा ओढल्या. पश्चिम आफ्रिकेत जोला लोकांचं अकाँटिंग नावाचं वाद्य आजही आहे, त्यालाही बँजोसारखी एक तोकडी तार असते, अंगठ्यानं वाजवायची. एकोणिसाव्या शतकात जोएल स्वीनी नावाचा व्हर्जिनियाचा गोरा हे काळ्यांकडनंच शिकला आणि तोंडाला काळं फासून रंगभूमीवर वाजवू लागला. लोक पैसे देऊन बघायला यायचे. काळा माणूस नको, काळं तोंड पाहिजे! हळूहळू वाद्य गोऱ्यांचं झालं. १९५० नंतर कातडं जाऊन प्लास्टिकचा पडदा आला. जनावराचा वाससुद्धा राहिला नाही.

इथवर वाचून मी तबकडी भंगारात परत टाकायला निघालो होतो. मग अर्ल स्क्रग्ज भेटला.

ब्लूग्रासचा बँजो म्हणजे तीन बोटांचा बँजो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिघांवर नख्या, आणि सूर सुतासारखे अखंड सुटत राहतात. ही पद्धत जगभर नेली स्क्रग्जनं. १९२४ चा जन्म, उत्तर कॅरोलिनातला. आणि डिसेंबर १९४५ मधे बिल मनरोच्या बँडमधे जायच्या आधी हा माणूस काय करत होता? शेल्बी गावातल्या लिली मिलमधे काम. सुताची गिरणी. वाचलं आणि मी माझ्या बोटांकडं बघितलं. तुटलेली तार सांधताना हीच तीन बोटं लागतात. फिरत्या चातीवर, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी पुन्हा 'क्लक ओल्ड हेन' लावली. रॉन ब्लॉकचा हात बघत बसलो, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. वाटलं, हे आपलं आहे, गिरणीवाल्यांचं आहे. खुद्द मनरो, ज्याला ब्लूग्रासचा बाप म्हणतात, तो इंडियानात तेलाच्या कारखान्यात पिपं धुवायचा. चार्ली पूल, त्यांच्या आधीचा बँजोवाला, कापडगिरणीतलाच. कष्टकऱ्यांचं संगीत, साला, आणखी काय पाहिजे?

हा आनंद दोन दिवस टिकला.

दक्षिण कॅरोलिनात १९१५ साली एक कायदा झाला. कापडगिरणीत काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. दार वेगळं, जिना वेगळा, पगाराची खिडकी वेगळी, संडास वेगळा, पाण्याची बादली वेगळी, प्यायचा पेलासुद्धा वेगळा. पेला कायद्यात लिहिलाय! उत्तर कॅरोलिनात असा कायदा नव्हता पण रीत तीच होती. काळ्यांना साच्यावर उभं करत नसत. गाठी फोडायच्या, अंगण झाडायचं, फरशा घासायच्या. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा येईपर्यंत बहुतेक ठिकाणी हेच चाललं. म्हणजे ज्यांच्या आज्यानं बँजो दिला त्यांच्या नातवाला स्क्रग्जच्या शेजारी उभं राहून सूत सांधता आलं नसतं.

माझा पणजा मुंबईत गिरणीत होता, रिंगखात्यात. विणकाम खात्यात का नव्हता? तिथं पगार जास्त होता. पण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्यापुढं ठेवला, की कामगार एक तर विणकाम खातं आम्हाला बंद का? तिथं धागा, इथं पेला. दोन्हीकडं प्रश्न उष्ट्याचा.

मग नाती उलगडायला लागली. मनरो पोरवयात ज्याच्यासोबत नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायला जायचा तो अर्नॉल्ड शुल्ट्झ. काळा, कोळशाच्या खाणीतला, गिटार आणि फिडल दोन्ही वाजवणारा, केंटकीतल्याच ओहायो काउंटीतला. मनरोनं त्याचं ऋण पुढं कबूल केलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो. शुल्ट्झ १९३१ साली मेला. त्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. एकही सूर नाही. २०२० साली ब्लूग्रासवाल्यांच्या संस्थेनं त्याच्या नावानं निधी काढला. मेल्यावर ऐंशी-नव्वद वर्षांनी आपल्याला हारतुरे मिळतात, तसंच. दुसरा लेस्ली रिडल. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात पाय गेलेला काळा गिटारवाला. ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यात गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा शब्द कार्टर टिपायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. पुढं नाव झालं कार्टर घराण्याचं.

आणि लुइव्हिलच्या त्या कार्यक्रमात शेवटाकडं नदीवर प्रार्थनेला जायचं गाणं आहे, 'डाऊन टू द रिव्हर टू प्रे'. देवाधर्माशी माझं काही देणंघेणं नाही, तरी हे ऐकताना मी गप्प झालो. आवाजावर आवाज चढत जातो, पाणी चढावं तसा. हे गाणं १८६७ साली गुलामांच्या गाण्यांच्या पुस्तकात छापलं गेलंय, 'द गुड ओल्ड वे' या नावानं. मी तबकडी पुढं-मागं करून बँडवाल्यांची तोंडं बघितली. एक काळं नाही. बँड चोरटा आहे असं मी म्हणत नाही. ते मनापासून गातात. पण गाण्याचं दुःख त्यांनी इतकं धुऊन, इस्त्री करून आणलंय की ते कोणाच्या अंगावरनं उतरवलं ते कळू नये. सफाई हाच या कार्यक्रमाचा गुण आणि सफाई हाच त्याचा दोष. एवढ्या गाण्यात कुणाचा घसा बसत नाही, तार कुठं करकरत नाही.

माझा एक कविमित्र म्हणतो, "कशाला डोकं घालतोस गोऱ्यांच्या गाण्यात? आपण १९७२ साली पँथर हे नाव घेतलं ते काळ्यांकडनं. ब्लूज ऐक." ऐकतो की. पण ब्लूज आपला आणि बँजो त्यांचा अशी वाटणी करायला मी तयार नाही. ती वाटणी मालकांनी केलीय. लुबाडणाऱ्यानं नेलं म्हणून वस्तू त्याची होत नाही, आणि गोरा कामगार गोरा आहे म्हणून त्याची बोटं खोटी होत नाहीत.

मित्राला मी एला मे विगिन्सची गोष्ट सांगितली. स्क्रग्जच्या शेजारच्या काउंटीत, गॅस्टन काउंटीत, १९२९ साली गिरणीकामगारांचा संप झाला. एला मे सूतगिरणीत कामाला, गोरी. नऊ पोरं झाली, त्यातली चार गेली. ती संपाची गाणी रचायची, जुन्या डोंगरी चालींवर, म्हणजे ज्या मातीतनं पुढं ब्लूग्रास उगवलं त्याच चालींवर. ती राहायची काळ्यांच्या वस्तीत, आणि युनियनमधे काळ्यांना घ्या म्हणून भांडली. १४ सप्टेंबर १९२९ ला सभेला जाताना तिला गोळी घालून मारलं. कोणालाही शिक्षा झाली नाही. मित्र गप्प बसला. मग म्हणाला, "ही तबकडीत आहे का?" नाही. तबकडीत ती नाही. शुल्ट्झ नाही, रिडल नाही. माझी समीक्षा म्हणाल तर एवढीच आहे.

२००५ पासून काळी पोरं पुन्हा बँजोकडं वळलीत. कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स नावाचा गट झाला, जो थॉम्पसन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊन बसला, शिकला. त्यातली ऱ्हायनन गिडन्स २०१७ साली ब्लूग्रासवाल्यांच्याच परिषदेत उभी राहून हा सगळा इतिहास बोलली. तिचं ऐकावं. पण ते आधी ऐकून मग ही तबकडी बघू नये, उलटं करावं. आधी भुलावं, मग हिशेब मागावा. मी तसंच केलं, म्हणून बोटांचा तो आनंद मला मिळाला. तो मी परत देणार नाही.

आमच्या गल्लीतला बेंजोवाला पोरगा परवा आला होता. त्याला इतिहास-बितिहास काही सांगितलं नाही. 'क्लक ओल्ड हेन' लावली. दुसऱ्या खेपेला त्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, तिसऱ्या खेपेला म्हणाला, "दादा, हे जयंतीला बसवू का? खाली हलगी घालून." आई म्हणाली, "घाल की."

तबकडी कोणाला पाहिजे असेल त्यानं घरी येऊन घेऊन जावी. प्लेयर मात्र मागू नये, तो १४ एप्रिलपर्यंत मोकळा नाही.