छोट्या चर्चचे पान : वाचक कोण?

कोणत्याही ग्रंथाचे परीक्षण करताना समीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे लेखन कोणासाठी केले आहे? छोट्या चर्चच्या संकेतस्थळाला, फेसबुकवरील पानाला किंवा व्हॉट्सॲपवरील निरोपाला आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो. ते संगणक जाणणाऱ्या तरुणांचे काम, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ख्रिस्तसभेच्या नावाने जे लिहिले जाते, त्याची समीक्षाही त्याच गांभीर्याने व्हावयास हवी.

ग्रामीण चर्चची जी पाने आमच्या पाहण्यात येतात, त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. मजकूर इंग्रजीत. वरती दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या शुभेच्छा. मग पाहुण्यांचे स्वागत, हारतुरे, दीपप्रज्वलन. आणि अखेरीस वह्या वा चादरी हाती धरून रांगेत उभी असलेली आदिवासी मुले. रविवारची मिस्सा किती वाजता, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा विचार केला म्हणजे ही उणीव अधिकच बोचते. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या विखुरलेल्या पाड्यांचा हा मुलूख. शहापुरात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके तरी आहेत. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही, कल्याणहून रस्त्यानेच जावे लागते. आवणीच्या दिवसांत चिखल तुडवीत आलेल्या कुटुंबाला मिस्सेची वेळ बदलल्याचे चर्चच्या दाराशी कळावे, ही साधी गैरसोय नव्हे. आपली आठवण कोणी ठेवली नाही, असेच त्या कुटुंबाला वाटणार.

शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. पुढे भातसा धरणाचे पाणीही तिकडेच गेले. उन्हाळ्यात मात्र याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ असे लोक म्हणतात. चर्चच्या पानाचेही असेच होऊ लागले आहे. पाड्याची बातमी शहरातील व परदेशातील हितचिंतकांपर्यंत पोहोचते, पाड्यासाठी असलेला निरोप पाड्यात पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल की, छोट्या चर्चचे काम देणग्यांवर चालते आणि देणगीदाराला काम दिसले पाहिजे. हे आम्हांस मान्य आहे. हिशेब जरूर द्यावा, झालेले कामही दाखवावे. परंतु गरिबाचा चेहरा हे पावतीपुस्तक होऊ नये. ज्याचे छायाचित्र घेतले त्याला ते कोठे जाणार हे सांगावे, त्याची संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. कायदा नसता तरी प्रेमाचा नियम होताच.

भाषेच्या बाबतीत तर आपल्याला सबबच उरलेली नाही. जन्माने इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. तंत्र अपुरे होते, तरी भाषा लोकांची राहिली. आज प्रत्येक मोबाइलमध्ये देवनागरी आहे, आणि आपल्या पानांवरून मराठीच हरवली आहे!

व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने २८ मे २०२३ रोजी समाजमाध्यमांविषयी एक चिंतन प्रसिद्ध केले. त्याचा आधार चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. ‘माझा शेजारी कोण?’ हा त्या दाखल्यामागील प्रश्न छोट्या चर्चच्या पानालाही लागू पडतो. किती जणांनी पान पाहिले, यावरून त्याचे मोल ठरवू नये; आपल्या शेजाऱ्याच्या ते उपयोगी पडले का, हे पाहावे.

हे फार खर्चाचे काम नाही. मिस्सेची वेळ, स्थानकावरून वा एस.टी. थांब्यावरून येण्याची वाट, कार्यालयाचा दूरध्वनी आणि वेळेतील बदल एवढे मराठीत, ठळकपणे, पानाच्या माथ्यावर असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच निरोप एखाद्या भगिनीने पाड्याच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून पाठवावा. जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे रविवारी जाणाऱ्यांच्या हाती चिठ्ठी द्यावी. धर्मगुरूंची बदली होते आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातो; म्हणून पानाची जबाबदारी दोन-तीन प्रापंचिकांकडे असावी आणि त्यांत पाड्यावरील एक तरुण वा तरुणी असावी.

असे पान दिसायला कदाचित साधे असेल. परंतु पाड्यावरची एखादी आई शनिवारी रात्री ते उघडील, मुलांना पहाटे किती वाजता उठवायचे ते ठरवील आणि निश्चिंत झोपी जाईल. आमच्या मते त्या पानाचे हेच खरे परीक्षण होय.