कल्पित चरित्र आणि दृष्टीचा प्रश्न

चरित्रपट वास्तवाशी किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न स्टीव्हन शाइनबर्ग दिग्दर्शित ‘फर : अ‍ॅन इमॅजिनरी पोर्ट्रेट ऑफ डिअ‍ॅन आर्बस’ (२००६) या चित्रपटाने शीर्षकातच निकालात काढला आहे. पॅट्रिशिया बॉसवर्थ यांच्या १९८४ मधील चरित्राचा आधार घेऊनही हे व्यक्तिचित्र कल्पित असल्याचे तो उघडपणे सांगतो. म्हणून घटनांची पडताळणी करण्यापेक्षा, या कल्पितामुळे आर्बस यांच्या कलेचे कोणते आकलन हाती येते, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते.

चित्रपटातील काळ १९५८ चा आणि स्थळ न्यूयॉर्क. पतीच्या छायाचित्रण-व्यवसायात साहाय्यक म्हणून वावरणारी डिअ‍ॅन (निकोल किडमन) वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या लायोनेलकडे (रॉबर्ट डाउनी ज्युनिअर) ओढली जाते. त्याचे सर्वांग केसांनी आच्छादलेले आहे. आर्बस यांच्या माहेरचा व्यवसाय फरच्या वस्त्रांचा होता. विकत घेऊन पांघरलेली फर आणि देहातूनच उगवलेली लव, या दोहोंतील विरोधातून प्रतिष्ठित जीवनाचे सोंग उघडे पडते. चित्रपटातील हे सर्वांत अर्थगर्भ प्रतिमान होय.

तथापि, कलाजाणिवेच्या उदयाचे कारण म्हणून चित्रपट प्रेमकथेपलीकडे काही देत नाही. प्रत्यक्षात आर्बस यांनी १९५६ मध्ये पतीसोबतचा फॅशन-छायाचित्रणाचा व्यवसाय सोडला आणि लिझेट मॉडेल या छायाचित्रकर्तीकडे शिक्षण घेतले. १९६२ च्या सुमारास त्या चौरस चौकटीच्या कॅमेऱ्याकडे वळल्या. स्त्री-गुरू, साधनांची निवड आणि वर्षानुवर्षांचा सराव यांच्या जागी चित्रपट एक प्रियकर बसवतो. त्याने शोधक दृष्टी जणू दान म्हणून दिली, असे सुचवल्याने श्रमाला स्थान उरत नाही. डिअ‍ॅनच्या गळ्यात कॅमेरा आहे, पण लायोनेलला टिपण्याची कृती सतत लांबणीवर पडत राहते.

याहून गंभीर आक्षेप दृष्टीच्या नीतीविषयीचा आहे. आर्बस यांच्या छायाचित्रांतील माणसे बहुधा थेट भिंगाकडे पाहतात. त्यांच्या आणि प्रेक्षकाच्या दरम्यान एक अस्वस्थ अंतर उरते. सूझन सोन्टाग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात याच अंतराला सहानुभूतिशून्य ठरवले. ते मत मान्य असो वा नसो, ही कला वादाला आव्हान देते, हे निश्चित. चित्रपट मात्र हे अंतरच पुसून टाकतो. डिअ‍ॅन लायोनेलचे केस भादरते आणि खालून एक देखणा नट प्रकटतो. ‘अन्य’ स्वीकारला जातो तो त्याचे अन्यत्व उतरवून ठेवल्यावर. ज्या कलेने असे सांत्वन नाकारले, तिच्या उगमाशी परीकथेतील सांत्वन बसवणे हा या चित्रपटातील मूलभूत अंतर्विरोध आहे.

आर्बस यांचे एकही छायाचित्र पडद्यावर दिसत नाही, ही उणीव त्यामुळेच सूचक ठरते. चरित्रकाराला घटना कल्पिण्याचे स्वातंत्र्य असते. कलाकृतीने उभा केलेला प्रश्न सौम्य करण्याचे स्वातंत्र्य मात्र त्यात गृहीत धरता येत नाही.