शाप, आशीर्वाद आणि बावरीचे मस्तक

मावळातील लोहगडवाडीच्या परिसरात अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा एक ब्राह्मी लेख अलीकडे उजेडात आला. पाळे येथील लेखाशी त्याचे साम्य असल्याने अभ्यासक तो जैन परंपरेचा मानतात. त्याच डोंगररांगेच्या परिसरात भाजे आणि कार्ले येथील बौद्ध लेणी आहेत. कार्ल्याचे दानलेख वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल असो की धेनुकाकटाचे यवन असोत, दाता आपले नाव आणि गाव सांगतो, दान सांगतो आणि थांबतो. दान मोडणाऱ्यास तो शाप देत नाही. पुढील काळातील ताम्रपटांत मात्र भूमी हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल, अशी धमकी रूढ झाली. धर्माला शापाची गरज केव्हा भासते, हा प्रश्न या दोन प्रकारच्या लेखांमधील अंतरातून उभा राहतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील शाप आणि आशीर्वाद यांचा विचार याच प्रश्नाच्या प्रकाशात करणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ६८ वचने आहेत. पहिल्या १४ वचनांत आज्ञापालनाची फळे, म्हणजे आशीर्वाद, आणि उरलेल्या ५४ वचनांत आज्ञाभंगाचे शाप आहेत. त्याआधीच्या अध्यायात गरिज्जीम आणि एबाल या दोन डोंगरांची योजना आहे. एकावर आशीर्वादासाठी, दुसऱ्यावर शापासाठी वंशांनी उभे राहावे आणि प्रत्येक शापाला लोकांनी ‘आमेन’ म्हणावे, असा तो विधी आहे. हे प्रमाण आणि ही रचना आकस्मिक नाही. निमरूद येथे १९५५ साली असुरी राजा एसरहद्दोन याचे इ. स. पूर्व ६७२ मधील करारलेख सापडले. मांडलिकांकडून निष्ठेची शपथ घेताना त्यांत शापांची मोठी यादी दिली आहे आणि तिचे ‘अनुवाद’मधील शापांशी असलेले साम्य विद्वानांनी दाखवून दिले आहे. सारांश, येथील शाप हा एखाद्या तपस्व्याचा क्रोध नव्हे. तो कराराचे कलम आहे. राजाच्या जागी ईश्वर आहे आणि मांडलिकाच्या जागी प्रजा.

हा भेद मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतो, कारण ‘शाप’ हा शब्द आपल्याकडे दुर्वासाची आठवण घेऊन येतो. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. अशा थोर परिश्रमांनंतरही शब्दांचे पूर्वसंस्कार पुसले जात नाहीत. दुसरे उदाहरण ‘धन्य’ या शब्दाचे. डोंगरावरील प्रवचनात येशू दीनांना धन्य म्हणतो, तेव्हा मूळ ग्रीक शब्द आशीर्वाद देण्याच्या क्रियेचा नसून एका स्थितीचे वर्णन करणारा आहे. मराठीत हे वेगळेपण राखले गेले आहे. परंतु श्रद्धाळू वाचक दोन्ही शब्द एकाच अर्थाने घेतो आणि नीतीचे वर्णन वरदान बनते.

शापाचा सर्वांत घातक उपयोग ‘उत्पत्ती’च्या नवव्या अध्यायातून झाला. मद्याच्या धुंदीत विवस्त्र पडलेल्या नोहाला हामाने पाहिले; नोहाने शाप मात्र हामाचा पुत्र कनान याला दिला. अपराध एकाचा आणि दास्य दुसऱ्याच्या वंशाला. या कथेत त्वचेच्या वर्णाचा उल्लेखही नाही. तरीही आफ्रिकी लोकांच्या गुलामगिरीच्या समर्थनार्थ शतकानुशतके तिचा आधार घेतला गेला. जन्मालाच दंड ठरविणारी ही तर्कपद्धती आपल्या वाचकांना अपरिचित नाही. पुरुषसूक्ताच्या आधारे शूद्रत्व आणि पूर्वजन्मीच्या पापाच्या आधारे अस्पृश्यता याच रीतीने सिद्ध करण्यात आली.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की बायबलमध्येच या विचाराचा प्रतिवाद आहे. यहेज्केल संदेष्टा बापाच्या दोषाचा भार पुत्रावर टाकणारी म्हण नाकारतो आणि जो पाप करील तोच त्याचे फळ भोगील, असे प्रतिपादितो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूककृत शुभवर्तमानात चार धन्योद्गारांसमोर चार ‘हाय’ आहेत खरे, पण त्याच प्रवचनात शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, अशी आज्ञा येते. ही ख्रिस्ती नीतीची उंची होय आणि ती मान्य करण्यात बौद्धाला संकोच वाटू नये.

मतभेद पुढे सुरू होतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला आणि त्याने आपणांस नियमशास्त्राच्या शापातून सोडविले. म्हणजे शाप खोटा ठरत नाही. तो खरा मानला जातो आणि दुसरा कोणी तो आपल्या शिरावर घेतो. यातूनच आज काही प्रार्थनासभांत दारिद्र्य, व्यसन, आजार यांना पिढीजात शाप ठरवून त्यांतून मुक्ती देण्याची भाषा बोलली जाते. शोषित समाजातील माणसाला ती दिलासा देते, हे नाकारता येत नाही. परंतु त्याचे दारिद्र्य मजुरीच्या दरातून आले की पूर्वजांच्या पापातून, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

पालि वाङ्मयातील शापाची एक महत्त्वाची कथा आपल्याच भूमीतील आहे. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीतीरी राहणारा बावरी ब्राह्मण येतो. एक याचक त्याच्याकडे पाचशे नाणी मागतो आणि ती न मिळाल्याने सातव्या दिवशी तुझे मस्तक सात ठिकाणी फुटेल, असा शाप देतो. बावरी अन्न टाकून शोक करतो. एक देवता त्याला सांगते की तो याचक दांभिक आहे, धनलोभी आहे. मस्तक आणि मस्तकभेद यांचे ज्ञान त्याला नाही. बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठानावरून, म्हणजे पैठणवरून, उत्तरेस जाऊन बुद्धाला गाठतात. बुद्धाचे उत्तर असे की अविद्या हे मस्तक होय आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांसह विद्या हीच ते फोडणारी होय. येथे शापाला प्रतिशाप नाही, शाप काढून घेणारा त्राताही नाही. शाप या शब्दाचा अर्थच उलटविला गेला आहे.

आशीर्वादाचीही हीच गत. असिबंधकपुत्ताला बुद्ध विचारतात: डोहात धोंडा टाकून लोकांनी काठावर हात जोडून त्यास वर येण्याची विनवणी केली, तर तो तरंगेल काय? चुल्लवग्गात बुद्धांना शिंक येते तेव्हा भिक्खू ‘जगा’ असे म्हणू लागतात. अशा म्हणण्याने कोणी जगतो वा मरतो काय, असे विचारून बुद्ध ती प्रथा निषिद्ध करतात. पुढे गृहस्थ मंगल मानणारे असल्यामुळे त्यांना ‘दीर्घायुषी व्हा’ असे प्रत्युत्तर देण्याची मात्र अनुज्ञा देतात. सदिच्छेला स्थान आहे. तिला कारणाचे सामर्थ्य नाही.

हा निकष आपल्यालाही लागू केला पाहिजे. कान्हेरीच्या नवव्या शतकातील दानलेखात दान मोडणाऱ्याला अवीची नरकाची भीती घातलेली आढळते. कार्ल्याच्या दात्याला जी गरज भासली नाही ती या बौद्ध दात्याला भासली, हे राजाश्रयी काळाचे चिन्ह समजावे. कर्मसिद्धांताचाही असाच विपर्यास झाला. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात सर्व वेदना पूर्वकर्मजन्य आहेत, हे मत बुद्धांनी नाकारले असून पित्त, कफ, वात, ऋतू इत्यादी कारणे सांगितली आहेत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची जी कठोर चिकित्सा केली, तिचा रोख याच विपर्यासावर होता.

आजही पंचशील घेणाऱ्या काही घरांत नजर, करणी आणि पितृदोष यांची धास्ती टिकून आहे. नोहाच्या शापावर टीका करणाऱ्याने आधी आपल्या उंबरठ्यावरचा लिंबू-मिरचीचा दोरा उतरवावा. परधर्माच्या ग्रंथाची समीक्षा करण्याचा अधिकार त्यानंतरच प्राप्त होतो.