नावे पूर्वेची, सूर कोणाचा?

पाश्चात्त्य संगीतात आपल्या ओळखीचे एखादे नाव दिसले की आपण चटकन हरखतो. रेकॉर्डवर एखादा फारसी शब्द छापलेला असला, वादकाला कुणी 'सूफी' म्हटले, की आपली तहजीब कुठवर पोहोचली याचे कौतुक सुरू होते. ते संगीत कान देऊन ऐकायचे आणि पारखायचे काम मात्र राहून जाते. अमेरिकन गिटारवादक रॉबी बाशो (१९४०-१९८६) याच्या निमित्ताने ते काम थोडे करून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाशो बाल्टिमोरचा. तान्हेपणीच पोरका झाला आणि दत्तक गेला. त्याचे मूळ नाव डॅनियल रॉबिन्सन; 'बाशो' हे नाव त्याने जपानी कवीवरून घेतले. मेरीलँडच्या विद्यापीठात त्याची गाठ जॉन फाहीशी पडली. गायक नाही, ताल धरणारे कोणी नाही, फक्त स्टीलच्या तारांची एक गिटार, अशा रेकॉर्ड काढण्याचा प्रघात फाहीने आपल्या 'टाकोमा' कंपनीतून पाडला. बाशोची पहिली रेकॉर्ड 'द सील ऑफ द ब्लू लोटस' तिथेच १९६५ साली निघाली. स्टीलच्या तारांची गिटार हे तिकडे लोकगीतांच्या साथीचे वाद्य. तिला मैफलीच्या वाद्याचा मान मिळावा आणि अमेरिकेची स्वतःची अशी रागपद्धती घडावी, ही त्याची धडपड होती.

या धडपडीत तो उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकायला गेला. उस्तादांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात संगीत विद्यालय काढले आणि २००९ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते अमेरिकेत शिकवत राहिले. बाशो बारा तारांची गिटार वेगळ्या पद्धतीने लावून घेत असे. मोकळ्या तारा एकाच सुरात घुमत राहत आणि त्या घुमाऱ्यावर त्याची बोटे स्वरांचा विस्तार करीत. ऐकताना तंबोऱ्याची, सरोदच्या चिकारीच्या तारांची आठवण होते. मात्र सरोदला पडदे नसतात. नखाने तार दाबून बोट सरकवले की एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड मींड जाते आणि रागाचा जीव त्या मींडेत असतो. गिटारला पडदे असतात. तार बाजूला ओढून स्वर थोडा हलवता येतो, त्यापुढे जाता येत नाही. बाशोने सरोदचा घुमारा घेतला, आलापाची संथ सुरुवात घेतली. जे गिटारवर येऊ शकत नव्हते ते वेगाने आणि झंकाराने भरून काढले. म्हणून त्याच्या कित्येक रचना भव्य वाटतात, पण त्यांत राग उभा राहत नाही. अमेरिकन श्रोत्याला हा फरक कदाचित जाणवणार नाही. आपल्याला तो जाणवला पाहिजे.

शब्दांच्या बाबतीतही असेच घडले आहे. १९७४ च्या 'झार्थस' या रेकॉर्डवरच्या एका रचनेचे नाव आहे 'खुदा-ए-गुले-आबे'. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. इजाफतीचा एक जेर इकडचा तिकडे झाला की अर्थ कसा ढळतो, हे मुलांना रोज सांगावे लागते. या नावाचा सरळ अर्थ 'पाण्याच्या फुलाचा खुदा' असा होतो. कवीला काय म्हणायचे होते याचा अंदाज बांधता येतो, पण फारसी जाणणारा असे लिहिणार नाही. शब्दांचा नाद आवडला म्हणून ते ओवले गेले आहेत. याच रेकॉर्डची दुसरी बाजू व्यापणाऱ्या 'रॅप्सडी इन ड्रूझ'मध्ये तो पियानो वाजवतो आणि थरथरत्या, उंच चढणाऱ्या आवाजात गातो. लेबनॉन-सीरियातल्या द्रूझ जमातीची त्यात नावापलीकडे ओळख पटत नाही.

मात्र सगळेच वरवरचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाशो मेहेरबाबांचा अनुयायी होता. बाबा पुण्यात जन्मलेले, त्यांची समाधी अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथे आहे. त्यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सूफी अनुयायांसाठी जी संस्था घालून दिली, तिच्यात बाशो होता. 'झार्थस'वरच्या 'मेहेरा' या रचनेचे नाव बाबांच्या जवळच्या शिष्येचे आहे. म्हणजे त्याची ओढ खरी होती. प्रश्न निष्ठेचा नाही. निष्ठा खरी असूनही कला उसनी राहू शकते, एवढेच म्हणायचे आहे.

याचा पुरावा त्याच्याच १९७८ च्या 'व्हिजन्स ऑफ द कंट्री' या रेकॉर्डमध्ये सापडतो. 'ऑर्फन्स लॅमेंट' या छोट्याशा रचनेत त्याने गिटार बाजूला ठेवली आहे. पियानो आणि आवाज, बस्स. पियानोवर मींड मुळीच येत नाही. पट्टी दाबली की ठरलेला स्वर वाजतो आणि विरतो. तो ओढता येत नाही की हलवता येत नाही. रागाचा आभास निर्माण करायची सोयच तिथे नाही. त्यामुळे बाशोजवळ जे त्याचे स्वतःचे होते तेवढेच उरले: आईबाप न पाहिलेल्या मुलाचे दुःख. 'यतीम' हा शब्द आपल्या घरांत आवाज खाली घेऊनच उच्चारला जातो. तो शब्द या रचनेत कुठेही नाही, पण त्याचा सगळा भार तिच्यात आहे. त्याच्या एकाही फारसी नावाच्या रचनेने मला इतके जवळ घेतले नाही.

ही रेकॉर्ड 'विंडहॅम हिल' या कंपनीने काढली. दोनच वर्षांनी त्याच कंपनीकडून जॉर्ज विन्स्टनची 'ऑटम' ही एकल पियानोची रेकॉर्ड आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. विन्स्टनचा हात सफाईदार आहे, त्याचे संगीत ऐकून मन निवते. बाशोचा पियानो तेवढा सफाईदार नाही, आवाजही क्वचित नाटकी होतो. त्याला पैसा मिळाला नाही, नावही हयातीत फारसे झाले नाही. २०१५ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, २०२० मध्ये अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संच आला, तेव्हा कुठे लोक त्याला शोधू लागले.

रसिकांनी एखादी संध्याकाळ या संगीतासाठी राखून ठेवावी. आधी अली अकबर खाँ यांच्या सरोदचा आलाप ऐकावा, मग बाशोची गिटार आणि शेवटी त्याचा पियानो. उस्तादाची विद्या शागिर्दात किती उतरली आणि किती उतरली नाही, हे आपोआप कळेल. बाशोने आपल्याकडून पुष्कळ घेतले, त्याबद्दल अभिमान धरायला हरकत नाही. पण पियानोसमोर बसून तो स्वतःचे दुःख गातो, तिथे आपले काहीच नाही, आणि तरीही ते आपल्यापर्यंत पोहोचते. दाद द्यायची तर त्याला द्यावी.