‘भाषांतर करा’ हे बटण कोणासाठी?

मुलांना वाचायला कुठून आणायचं, हा प्रश्न हातात फोन असलेल्यांसाठी बराचसा सुटला आहे. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. प्रथम बुक्सनं २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह कितीतरी भाषांतली सचित्र पुस्तकं आहेत, तीही फुकट. पण मूल इथे नुसतं वाचतं, की लिहितंही?

‘किशोर’चं बळ म्हणजे मुळातून मराठीत लिहिलेला मजकूर. मात्र छापील पान फोनवर ताणून ताणून वाचावं लागतं. स्टोरीवीव्हरवरची पानं फोनवर सहज वाचता येतात: एक चित्र, खाली दोन-चार ओळी. पण तिथल्या मराठी पुस्तकांत भाषांतरांचा भरणा मोठा, आणि काही वाक्यं वाचताना ते जाणवतं.

पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत छोटी वाक्यं आणि मोजके शब्द, चौथी सराईत वाचकांची. मराठीला ही मोजपट्टी पुरत नाही. ‘आई घरी आली’ हे तीन शब्द आणि ‘स्वच्छ सूर्यप्रकाश पडला’ हेही तीनच. नवशिक्या वाचकाला वाक्याच्या लांबीपेक्षा जोडाक्षर जास्त अडवतं.

लेखनासाठी इथे तयार चित्रं निवडून गोष्ट रचायची सोय आहे. कल्पना छान, पण चित्रकारानं आधीच पाहिलेलं जग मुलाला मिळतं आणि बरेचदा गोष्ट चित्राचं वर्णन होऊन थांबते. माझ्या मते खरी सर्जनशील जागा दुसरीच आहे: ‘भाषांतर करा’ हे बटण. मोठे स्वयंसेवकच ते वापरणार, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत.

समजा, गोष्टीत वाक्य आहे, ‘मुलगी आली.’ सिंधुदुर्गातलं मूल घरी म्हणतं, ‘चेडू इला.’ ‘मुलगी’ स्त्रीलिंगी, ‘चेडू’ नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापदही बदललं. अहिराणी बोलणारं मूल ‘आली’साठी ‘उनी’ म्हणेल. असं दहा पानांचं पुस्तक घरच्या बोलीत आणताना मूल प्रत्येक वाक्य दोनदा वाचतं, आजीला शब्द विचारतं, कोणता जास्त शोभेल यावर वाद घालतं. वाचन आणि लेखन एकाच बैठकीत होतं, कोऱ्या कागदाची भीतीही नसते.

यानं प्रमाण मराठी बिघडेल, ही शंका ठरलेली आहे. पण भाषांतर करायचं तर मूळ वाक्य नीट कळावंच लागतं. उलट घरची भाषा पुस्तकात बसू शकते, हे पहिल्यांदाच त्या मुलाला दिसतं.

परवानगीचीही अडचण नाही. स्टोरीवीव्हरवरच्या पुस्तकांचा परवाना खुला आहे: मूळ लेखक-चित्रकारांना श्रेय देऊन मजकूर बदलता येतो, छापता येतो, वाटताही येतो. खातं मोठ्यांनी उघडावं. नाहीतर सरळ वहीत लिहून घ्यावं आणि वर्गात वाचावं.

अडचण वेळेची आहे. फोन मुलाच्या हाती देऊन आपण मोकळे झालो, तर बटण तसंच पडून राहील. शेजारी बसून ‘हे आपल्याकडे कसं म्हणतात रे?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. ते काम कोणतंही संकेतस्थळ करणार नाही. घरी भाचा-पुतणी असेल, तर या रविवारी पहिल्या पातळीचं एक पुस्तक उघडून बघा.